पाण्यात उतरायच्या आधीच

लहान पोरांना घेऊन काही करायचं ठरवलं की किस्से आपोआप साचतात. त्यासाठी वेगळे कष्ट घ्यावे लागत नाहीत. कोंबून भरलेलं कपाट उघडलं की कपडे कसे अंगावर येतात, तसं आमच्या स्काउट ट्रूपमधलं कोणी भेटलं की माझ्या अंगावर किस्से येतात.

परवा रायपूरला समता कॉलनीतल्या दवाखान्यात गुडघा दाखवायला गेले होते. शेजारी एक दाढीवाला तरुण येऊन बसला. "दीदी, पहचाना?" मी नाही ओळखलं. त्यानं नाव सांगितलं, आणि मग आम्ही दोघं जे हसायला लागलो! शेवटी डॉक्टरीणबाईंनी पडदा बाजूला करून विचारलं, "इसमें पेशंट कौन है?"

आज हसू येतं हो. तेव्हा मात्र मी रोज संध्याकाळी कपाळाला बाम चोपडत होते!

आमचं राज्य तेव्हा नुकतंच वेगळं झालं होतं. रायपूर झोपलं तेव्हा साधं शहर होतं, उठलं तेव्हा राजधानी. आमच्या मोहल्ल्यातल्या, म्हणजे ब्राह्मणपाऱ्यातल्या, पानवाल्यानंही पाटी रंगवून घेतली, 'राजधानी पान पॅलेस'. मी एका शाळेत भूगोल शिकवायचे, आणि रविवारी आमचा छोटासा ट्रूप चालवायचे. सोबतीला दोघं. एक मेश्राम भाऊ, रेल्वेतले. उत्साह इतका की त्यांना कोणी ब्रेक लावलाच नव्हता. दुसरे तात्यापाऱ्यातले देशकर काका, सरकारी नोकरीतून रिटायर झालेले. गळ्यात शिट्टी, तोंडात शिस्त. पोरांची सगळी नावं तोंडपाठ, हजेरीला कागद लागत नसे. कागद लागतो त्याला काका माणूस समजत नसत.

मोठी पोरं दर वर्षी पचमढीला ट्रेकला जायची. लहान्यांच्या वाट्याला दोरीच्या गाठी आणि झेंड्याची घडी. "तुम्ही पुढच्या वर्षी," असं आम्ही दर वर्षी सांगायचो. एका रविवारी रीना नावाची एक पिटुकली उभी राहिली. "दीदी, ये अगला साल आता कब है?"

मी हातातल्या झेंड्याची घडी मोडून परत घातली. मेश्राम भाऊ मात्र पेटले.

"ताई, यंदा लहान्यायलेच नेऊ! पाण्यावर. कनूतून. जंगलाच्या काठाकाठानं."

"कनू?"

"लांबुडकी नाव असते न, वल्ही मारत जातात. मी ट्रेनिंगले गेल्तो तवा पाह्यली. अन् आत्ताच न्याचं. माही बदली बिलासपूरले होऊन राहिली. मी गेलो का तुम्ही दोघं परत गाठी शिकवत बसान!"

हे खरं होतं. म्हणून मी "हो" म्हटलं.

*

पालकांची मीटिंग घेतली. मेश्राम भाऊंनी उभं राहून जाहीर केलं, "बच्चे इस बार कनू के साथ जंगल देखेंगे."

पालक शांत. मला वाटलं, प्रभावित झाले. मागच्या रांगेतून टिकेश्वरच्या आईनं हात वर केला.

"सर, बाकी सब ठीक है. लेकिन ये कनू कैसा है?"

"बहुत बढ़िया है दीदी! लंबा है, हलका है. तीन-तीन बच्चे आराम से बैठ जाते हैं."

"उसके ऊपर?"

"ऊपर नहीं दीदी, अंदर!"

सभेत चुळबुळ सुरू झाली. टिकेश्वरच्या आईनं पदर खोचला. "और संभालता कौन है उसको?"

"बच्चे ही संभालेंगे. थोड़ा डोलता है, पर आदत हो जाती है."

"पीता है क्या?"

आता मेश्राम भाऊंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मी धावत जाऊन फळ्यावर नाव काढली, वल्हं काढलं, खाली लाटा काढल्या. टिकेश्वरच्या आईनं छातीवर हात ठेवून श्वास सोडला.

"तो नाव बोलिए ना! हम तो समझे, कोई मराठी लड़का है!"

*

मग परवानगी. धमतरीच्या पुढे धरणामागचं पाणी आम्ही हेरलं होतं. तीन बाजूंनी जंगल, मधे निळंशार पाणी. आता हे पाणी कोणाचं? नव्या राज्यात नवी ऑफिसं. त्यातली निम्मी कुणाच्या तरी होस्टेलात, निम्मी कुणाच्या तरी दवाखान्यात भरायची. मी आणि काका फिरत राहिलो.

पहिल्या ऑफिसात साहेब भोपाळहून आले होते, खुर्ची यायची होती. लाकडी खोक्यावर बसून त्यांनी आमचं ऐकून घेतलं. "नाव चलाइए, हमें क्या! बस, मछली नहीं पकड़ना."

दुसऱ्या ऑफिसात सांगितलं, "पानी पर जहाँ जाना है जाइए. बस, किनारे पर पाँव नहीं रखना. किनारा जंगल है."

तिसऱ्या ऑफिसातले साहेब सगळ्यांत सज्जन. चहा पाजला. पोरांची चौकशी केली. त्यांच्या लहानपणी ते पण स्काउट होते म्हणे, गाठ कशी मारायची ते खिडकीच्या पडद्यावर करून दाखवलं. मग म्हणाले, "बच्चों के लिए मना कैसे करूँ? मेरी तरफ से हाँ है. बस इतना देखिए कि डैम के पानी को कोई छुए नहीं."

बाहेर आल्यावर काका तडक चालत सुटले. चौकात येऊन थांबले.

"म्हंजे वसुधा, किनाऱ्याले पाय लावायचा नाही, पाण्याले नाव लावायची नाही. मंग आपण पोट्ट्यायले हवेतून न्यायचं का?"

शेवटी परवानगी मिळाली. कोणी दिली, ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही. एक दिवस मेश्राम भाऊ कुठूनसा शिक्का मारलेला कागद घेऊन आले आणि म्हणाले, "ताई, विचारू नका. त्यायलेबी मी विचारलं नाही."

*

पोहणं. ही अट माझी होती. पाण्यावर जायचं तर पोहता आलं पाहिजे. मी मैदानात विचारलं, "किसको तैरना आता है?"

सगळे हात वर! काहींचे दोन-दोन.

मी खूश. दुसऱ्या रविवारी सगळ्यांना पोहायच्या तलावावर नेलं. काठावर ओळीनं उभे केले. काकांनी शिट्टी मारली.

कोणी हललं नाही.

परत शिट्टी. मग रीनानं हळूच एक अंगठा पाण्यात बुडवला आणि बाहेर काढला.

"अरे, तुम लोगों को तैरना आता है ना?"

"आता है दीदी."

"तो कूदो!"

"यहाँ नहीं आता."

"मग कुठं येतं?"

सगळे एका सुरात म्हणाले, "नानी के गाँव में!"

एकूण एक पोराची नानी तलावाकाठच्या गावची निघाली. मेश्राम भाऊंनी डोक्याला हात लावला. "ताई, असं करू. कॅम्प याहीच्या नानीच्याच गावाले ठेवू. अन् नानीलेच लीडर करू!"

पुढे कितीतरी रविवार आम्ही त्यांना शिकवण्यात घालवले. माझ्या कानात गेलेलं पाणी अजून निघालेलं नाही, असा मला संशय आहे.

*

कनू यायचे होते, पण वल्ही मारायचा सराव तर आधी हवा. शाळेच्या मैदानात आम्ही बाकं मांडली. एका बाकावर तिघं, हातात खराटे. एका बाजूनं दोन वेळा, दुसऱ्या बाजूनं दोन वेळा. धूळ इतकी उडाली की शेजारच्या घरातून निरोप आला, "झाडता आहात तर पाणी मारून झाडा."

नियम असा केला होता की बाकावरून पडला तो बुडाला. बुडालेल्यानं हातपाय न झाडता पाठीवर शांत पडून राहायचं, आणि बाकीच्यांनी बाक नेऊन त्याला वाचवायचं. घाबरून धडपडू नये, हे शिकवायचं होतं.

सराव चांगला चालला. अकराच्या सुमारास पोहे आले. मीही गेले. चांगले गरमागरम पोहे, वर शेव. आम्ही खात असताना शाळेचा चपराशी धापा टाकत आला.

"मैडम! मैदान में एक लड़का पड़ा है! हिल भी नहीं रहा!"

माझ्या हातातली बशी तिथंच पडली. मी धावले, काका धावले, मेश्राम भाऊ आमच्या पुढे धावले. मैदानाच्या मधोमध, भर उन्हात, टिकेश्वर उताणा पडलेला. हात पसरलेले, डोळे मिटलेले.

"टिकेश्वर! अरे टिकेश्वर!"

त्यानं एक डोळा उघडला.

"दीदी," तो अगदी शांतपणे म्हणाला, "मैं कब से डूबा हूँ. कोई बचाने ही नहीं आया. सब नाश्ता करने चले गए."

काका संतापले. "अरे, मंग उठून यायचं न, गधड्या!"

"आपने ही बोला था काका, डूबने के बाद हिलना मना है!"

काका पाठ फिरवून तरातरा निघाले. पोह्यांची एक बशी मात्र त्यांनी स्वतः जाऊन त्याला आणून दिली.

*

आया. आयांबद्दल मी स्वतंत्र बोलू शकते, पण थोडक्यात सांगते.

जेवण म्हणजे खिचडी, हे आम्ही ठरवलं होतं. त्यावर मीटिंग झाली. एकीचा मुलगा तूर खात नव्हता, एकीची मुलगी मूग खात नव्हती, आणि एकीचं लेकरू पिवळं काहीच खात नव्हतं. हे सगळं मी सहन केलं. मग एक बाई उठल्या.

"दीदी, मेरा बेटा सिर्फ घर का पानी पीता है. बाहर का पानी उसको जमता नहीं."

झालं! तेवढं एकीनं म्हणायचा अवकाश, सगळ्यांच्याच लेकरांना घरचंच पाणी लागायला लागलं. रविवारी मैदानात या! कुणाची कॅन, कुणाची कळशी, कुणाचा चक्क माठ. माठाला ओलं फडकं गुंडाळलेलं आणि वर खडूनं नावच लिहिलेलं: 'बंटी'.

मेश्राम भाऊंनी त्या सगळ्या भांड्यांभोवती एक फेरी मारली.

"ताई, एवढं मोठं धरण हाय. त्यातलं पाणी अख्खं रायपूर पिऊ शकते. अन् आपण त्या पाण्यावरून नावेत पाणी वाहून न्यायचं?"

बंटीच्या आईनं मराठी समजून घेतलं असावं. "सर," त्या म्हणाल्या, "वो पानी तो नहाने का है."

*

कनू मात्र काही येईनात. एका ओळखीच्या ठेकेदारानं मेश्राम भाऊंना शब्द दिला होता. "कनू? मिल जाएगा सर. सब मिल जाता है." ट्रक आला त्या दिवशी आम्ही सगळी पोरं रांगेत उभी केली, स्वागताला टाळ्या बसवल्या. ताडपत्री बाजूला झाली.

आत दोन बदकं!

पांढरीशुभ्र, पायानं चालवायची, बागेतल्या तळ्यात असतात तसली. एकाची चोच लाल होती, दुसऱ्याची मान प्रवासात वाकली होती.

"हे काय हाय?" मेश्राम भाऊ ओरडले.

"नाव है सर. पानी में चलती है कि नहीं?"

"अरे, पण हे बदक हाय!"

"सर, बच्चे ही तो बैठेंगे. बच्चों को क्या फर्क पड़ता है?"

फरक पडला! पोरांनी बदकं पाहिली आणि किंचाळायलाच लागली. वाकड्या मानेच्या बदकावर तर भांडण लागलं. मेश्राम भाऊंनी त्यांना समजावलं, की खरा स्काउट कनूतून जातो, वल्ही मारतो, जंगलात आवाज न करता शिरतो. पोरांनी नीट ऐकून घेतलं. मग मेश्राम भाऊ म्हणाले, "ठीक है, हाथ उठवाते हैं. किसको कनू चाहिए?"

एकही हात वर आला नाही.

"आणि बदक?"

सगळे हात वर. मी शपथेवर सांगते, त्यात एक हात देशकर काकांचा होता.

"माह्या गुडघ्यायले बरं राहीन," काका म्हणाले.

बदकं परत गेली. पोरांनी ट्रकमागे चौकापर्यंत धावत जाऊन त्यांना निरोप दिला. पुढे नागपूरच्या एका क्लबनं खरे कनू दिले, पाण्यात तरंगवणारी पिवळी जॅकेटं दिली, आणि सोबत पट्टीचे पोहणारे चार तरुण दिले. तेव्हा कुठं माझ्या घशाखाली घास उतरला.

*

निघायच्या दिवशी मिनीबस सकाळी लवकर सुटायची होती. 'होती' हा शब्द लक्षात घ्या. राज्य नवीन असल्यामुळे तेव्हा जे काही होईल ते 'राज्यात प्रथमच' व्हायचं, आणि जे प्रथमच व्हायचं त्याला हिरवी झेंडी लागायची. एका पालकांनी परस्पर आपल्या पाऱ्यातल्या एका नेत्याला बोलावून ठेवलं होतं. बॅनरही त्यांनीच रंगवून आणला. पेंटरला कनू काय माहीत? त्यानं आपल्या मतीनं शब्द दुरुस्त केला होता.

बसच्या पुढे भलामोठा बॅनर: 'बाल कानून यात्रा'.

मी मेश्राम भाऊंकडे पाहिलं. मेश्राम भाऊंनी आकाशाकडे पाहिलं. तोवर नेतेजी उतरलेच. त्यांनी बॅनर वाचला, घसा साफ केला, आणि कायद्यावर बोलायला सुरुवात केली. कायदा म्हणजे काय, तो कोण करतं, नव्या राज्यात तो किती लागेल. पोरं पिवळी जॅकेटं घालून, हातात वल्ही धरून उन्हात उभी. कनू बसच्या टपावर बांधलेले. त्यांच्याकडे नेतेजींनी एकदा पाहिलं, जरा विचारात पडले, पण थांबले नाहीत.

शेवटी ते खाली वाकले आणि अगदी प्रेमानं पुढच्या रांगेला म्हणाले, "बस एक बात याद रखना बच्चो. कानून को कभी अपने हाथ में मत लेना."

पुढच्या रांगेनं आपल्या हातातल्या वल्ह्यांकडे पाहिलं. आणि रीनानं आपलं वल्हं हळूच खाली ठेवून दिलं!

*

आता त्या दिवसाचंच सांगते.

काही पोरं धमतरीकडची होती, ती परस्पर पाण्याकाठी येणार होती. त्यातलं एक नाव किरण साहू. मेश्राम भाऊंच्या रेल्वेतल्या एका मित्राचं लेकरू, आदल्याच आठवड्यात फोनवरून, पोहता येतं एवढं विचारून घेतलेलं. सुटीत मामाकडे, धरणाजवळच्या गावात राहायला गेलेलं. आमच्यापैकी कोणी त्याला पाहिलं नव्हतं. किरण मुलगा की मुलगी, हेही आम्हाला कोणाला माहीत नव्हतं. काकांना नाव तेवढं पाठ होतं.

काठावर पोचलो तो एकच गलका. नागपूरचे तरुण कनू उतरवत होते, मी माठ उतरवत होते, आणि गावातली लेकरं तमाशा पाहायला गोळा झाली होती. काकांनी हजेरी सुरू केली. परेडचा आवाज, पलीकडच्या डोंगरावर आपटून परत यायचा.

"किरण साहू!"

कोणी बोललं नाही.

"किरण साहू!!"

नाही.

"किरण साऽऽहू!!!" झाडावरचे बगळे उडाले.

"हाजिर!" गर्दीच्या मागून एक बारीक आवाज आला.

"पहिल्याच हाकेले ओ देत जा!" काका म्हणाले आणि पुढच्या नावावर गेले. मेश्राम भाऊंनी त्या मुलीला पुढे ओढलं, पिवळं जॅकेट चढवलं, गळ्यात ट्रूपचा जादा स्कार्फ बांधला आणि मधल्या कनूत बसवलं. डोक्याला चपचपीत तेल, अंगात निळा फ्रॉक, पायात काही नाही. मला वाटलं, मामाच्या गावी पोरं अशीच राहतात.

आणि मग काय दिवस गेला तो! काठाकाठानं आम्ही निघालो. पहिल्या वळणापर्यंत पोरं एकमेकांवर पाणी उडवत होती, भांडत होती, बंटी आपल्या माठाबद्दल विचारत होता. वळण पार केलं, आणि साजाच्या झाडांची सावली पाण्यावर आली. समोर एक सांबर गुडघाभर पाण्यात उभं होतं. त्यानं मान वर केली आणि आमच्याकडे पाहिलं.

एकही पोर बोललं नाही. वल्ह्यांवरून थेंब पडत होते तेवढेच ऐकू येत होते. ट्रूप सुरू केल्यापासून ही पोरं गप्प बसलेली मी पहिल्यांदा पाहिली. मागच्या कनूत मेश्राम भाऊ होते. त्यांनी चष्मा काढून पुसला. एवढ्यावर सगळी ऑफिसं, सगळ्या आया, दोन्ही बदकं मी माफ करून टाकली.

पलीकडच्या काठावर जेवलो. थांबलो तिथं काका हजेरी घेत होते, चढताना, उतरताना, जेवणाआधी, जेवणानंतर. दर वेळी सगळे हाजिर. किरण तर आता पहिल्याच हाकेला ओ द्यायला लागली होती. "शिकली बरं पोट्टी," काका मला म्हणाले.

ऊन उतरायच्या आत परत आलो. जॅकेटं काढून ढीग घातला. बसमध्ये चढायच्या आधी शेवटची हजेरी.

"किरण साहू!"

शांतता.

"किरण साहू!!"

काहीच नाही. पोरं इकडेतिकडे पाहायला लागली. मी बसमध्ये पाहिलं, बसमागे पाहिलं, ढिगाशी पाहिलं. मधल्या कनूतला तरुण म्हणाला, "ताई, काठाला लागलो तेव्हा होती." त्यानंतर कोणी पाहिली? कोणीच नाही. पोरं पाण्यात पाय धूत होती, कोणाचं लक्ष होतं!

नागपूरचे ते चौघं तरुण पाण्याकडे धावले. मेश्राम भाऊंनी बूट भिरकावले. मुलं रडायला लागली, रीना माझ्या साडीला लटकली.

आणि काका! काका चपलांसकट सरळ पाण्यात शिरले. गुडघे, कंबर, छाती.

"काका, मागं फिरा!" मेश्राम भाऊ ओरडले. "तुम्हाले पोहता येत नाही!"

मला हे माहीत नव्हतं. त्या क्षणी कळलं. काकांनी ऐकलंच नाही. गळ्यातली शिट्टी पाण्यावर तरंगत होती. परेडचा आवाज कुठच्या कुठं गेला होता, अगदी वेगळ्याच आवाजात ते हाका मारत होते, "किरण! बेटा किरण! अगं किरण!"

"हाजिर!"

आवाज पाण्यातून नाही, वरून आला. आम्ही सगळे वळलो. चढावर, तिरप्या उन्हात, ती उभी होती. निळा फ्रॉक, गळ्यात आमचा स्कार्फ, हातात काठी, भोवती शेळ्या.

मी चढ कशी चढले मला ठाऊक नाही. जाऊन तिला घट्ट धरलं, मग दोन्ही खांदे धरून हलवलं. "कहाँ चली गई थी? बिना बताए!"

"छेरी मन ल देखे बर," ती म्हणाली. शेळ्या दिवसभर एकट्या होत्या, दोन कुणाच्या शेतात शिरल्या होत्या.

"छेरी? किरण, तेरी बकरियाँ?"

तिनं माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं पाहिलं.

"मोर नाव किरण नोहे."

"तो क्या नाम है तेरा?"

"सुकवारा."

मेश्राम भाऊ तसेच अनवाणी गावातल्या फोनकडे पळाले. मामाकडचा फोन खुद्द किरण साहूनंच उचलला. "सर, मुझे तो सुबह से बुखार है. मामा ने आपको बताया नहीं? पिकनिक कैसी रही?"

तोवर दोघा तरुणांनी काकांना बाहेर काढलं होतं. काका धापा टाकत चढ चढून आले. शर्टातून पाणी निथळत होतं. ते सुकवाराच्या समोर उभे राहिले. मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. पण काका खाली बसले, तिच्या उंचीला आले.

"बेटा, तू किरण नहीं है. फिर दिन भर 'हाजिर, हाजिर' क्यों बोलती रही?"

सुकवारानं एक शेळी काठीनं वळवली. मग काकांच्या ओल्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"तैं कतका बेर ले चिल्लावत रहे, बबा," ती म्हणाली. आजोबा किती वेळचे ओरडत होते म्हणे. "कोनो बोलतेच नइ रहिस. त मैं बोल देंव."